स्पीकर लावा जी

डॉक्टर मोबाइलात आला, ही बातमी शिळी झाली. मोबाइल कोणाच्या खिशात असतो, ही बातमी मात्र अजून कोणी छापलेली नाही.

नागरा हे गोंदियाच्या उशाशी वसलेलं गाव. पुरातन शिवमंदिर, महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी आणि चहूकडे धानाच्या बांध्या. शहर इतकं जवळ, की ऑटोत शेजारी बसलेल्या बाईचं सुनेबद्दलचं गाऱ्हाणं निम्म्यावर येतं न येतं तोच गोंदिया लागतं. तिथे २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्याही आधीपासून बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे, आणि खाजगी दवाखान्यांच्या पाट्या राइस मिलच्या पाट्यांना टक्कर देतात. टेलिमेडिसिनच्या जाहिरातीत जे दुर्गम खेडं दाखवतात, म्हणजे डोंगर, पूर आलेली नदी आणि डोक्यावर लसींचा डबा घेऊन ती ओलांडणारी नर्स, त्यातलं इथे काही नाही. अंतराचा प्रश्न नागऱ्यात केव्हाच मिटला आहे.

तरी लघवीला आग व्हायला लागली की गावातली बाई ऑटोत बसत नाही. आधी धन्या-जिऱ्याचं पाणी होतं. मग सब्जा. मग शेजारीण सांगते की ही उन्हाळी लागली आहे, ताक पी. ताक पिऊन होतं. दर दहा मिनिटांनी उठणारी सून बघून सासू विचारते, ‘का जी, घडीघडी कुठं जातेस?’ यावर खरं उत्तर देण्यापेक्षा दुखणं काढणं सोपं. गोंदियाला जायचं तर एका दिवसाची मजुरी जाते, सोबत कोणीतरी लागतं, आणि त्या कोणीतरीला ‘कायले चाललो’ हे सांगावं लागतं. ऑटोचं भाडं परवडतं. हा खर्च परवडत नाही.

आता गंमत अशी, की फोनवरून बरा करायला याच्याइतका सोयीचा आजार दुसरा सापडणार नाही. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची. आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय हा जंतू तेवढं अंतर चालून मूत्राशयात शिरतो आणि तिथे संसार थाटतो. जगातल्या निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा पाहुणा गाठतो. ओळखायला यंत्र लागत नाही, कान लागतात. जळजळ आहे, सारखं जावं लागतं, आणि अंगावरून पांढरं जाणं किंवा खाज असलं काही नाही, एवढं बाईने सांगितलं की मूत्रसंसर्गाची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. पोट दाबायचं नाही, छातीला नळी लावायची नाही. फक्त विचारायचं आणि ऐकायचं. डॉक्टर मोहालीत असो की मुंबईत, काही बिघडत नाही.

मोहालीचं नाव उगाच घेतलं नाही. तिथल्या सी-डॅकने बनवलेली ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आधी गावातल्या आरोग्य केंद्रातून मोठ्या डॉक्टरला गाठायची सोय होती. टाळेबंदीत, १३ एप्रिल २०२० पासून, घरबसल्या ओपीडीही आली. २०२३ च्या फेब्रुवारीत सल्ल्यांचा आकडा दहा कोटींवर गेला, आणि सरकारने अभिमानाने सांगितलं की लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून जास्त बायका आहेत. आकडा खोटा मानायचं कारण नाही. बाई स्क्रीनसमोर बसली, एवढं तो सांगतो. ती बोलली का, ते त्याला विचारू नका.

उपकेंद्र कुठलंही घ्या, नागऱ्याच्याच माथी मारायला नको. ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी नवी पाटी, आत एक टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपमागे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम. बाकावर बीपीच्या गोळ्यांसाठी आलेले दोन आजोबा, वजन करायला आलेल्या गरोदर बाया, आणि पंखा चालू आहे म्हणून बसलेला एक रिकामा माणूस. सून पुढे, सासू तिच्या पाठीशी. डॉक्टर स्क्रीनवर उगवतात. मॅडम इअरफोन पुढे करतात. सासू म्हणते, ‘स्पीकर लावा जी मॅडम, आमालेबी आयकू येऊ द्या.’

‘बोला ताई, काय त्रास होतोय?’

‘तिचं पोट दुखते जी,’ सासू.

मॅडम समजूतदार. त्या वाकून हळूच विचारतात, लघवीला आग होते का? सून मान हलवते. लॅपटॉपचा कॅमेरा मॅडमकडे रोखलेला, त्यामुळे ती हललेली मान डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. ‘हॅलो, आवाज येत नाहीये!’ डॉक्टर ओरडतात. मग मॅडमनाही ओरडावं लागतं. ‘सर, लघवीला आग होते म्हणतात!’ बीपीवाले आजोबा भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागतात. रिकामा माणूस काही वाचत नाही.

‘अंगावरून पांढरं जातं का?’

‘नाही जी,’ सासू ठणकावते. ‘आमच्या घरी तसलं काही नाही.’

‘पाळी कधी आली होती?’

हा प्रश्न डॉक्टरांना टाळता येत नाही. बाई गरोदर असेल तर साधा संसर्गही साधा राहत नाही, लघवी तपासावीच लागते, औषध बदलतं. पण उत्तर पुन्हा सासूच देते, तेही तिथीनिशी, कारण त्या चार दिवसांत देवघरात कोण शिरलं नाही याची नोंद तिच्याकडे पक्की असते. सुनेला या महिन्यात दोन दिवस उलटले आहेत, आणि ते तिने अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता ती ते वीस कानांसमोर, परक्या पुरुषाला, स्पीकरवर सांगणार आहे म्हणता?

मग येतात धोक्याचे प्रश्न. थंडी वाजून ताप येतो का? पाठीत, बरगडीखाली एका बाजूला दुखतं का? उलट्या? यातलं एकही ‘हो’ निघालं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची शंका घ्यायची आणि फोन ठेवून रुग्णालयात पाठवायचं, हा नियम. सुनेला नियम ठाऊक नाही, पण ‘हो’ म्हटलं की गोंदिया, भरती, सलाइन, आणि घरी दोन पोरं व एक म्हैस, एवढं तिला बरोबर ठाऊक आहे. ती तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणते. काल रात्री तिने गोधडी दोनदा पांघरली होती. तीन मिनिटांत सल्ला पूर्ण होतो आणि पोर्टलवर एक आकडा वाढतो.

घरून फोन लावला असता तर बरं, असं शहरातला वाचक म्हणेल. लावला असता की. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या, आणि ग्रामीण भागात निम्म्याहूनही कमी. उरलेल्यांच्या घरात फोन नसतो असं नाही. तो नवऱ्याच्या खिशात शेतात जातो, मोठ्या मुलाच्या हातात रील बघतो, रात्री चार्जिंगला लागतो तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती निजलेलं असतं. ओटीपी ज्याच्या फोनवर, आजार त्याच्या मालकीचा. प्रिस्क्रिप्शनही तिथेच येतं. मुलगा वाचतो आणि विचारतो, ‘आई, युरिन म्हंजे का वो?’

कायद्यानेही या प्रकरणात मोठी सर्कस केली आहे. २०१८ च्या जुलैत रत्नागिरीच्या एका डॉक्टर दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. बाळंतिणीला न तपासता फोनवरून औषध सांगितल्याचा मामला होता, रुग्ण दगावली होती. त्यानंतर राज्यभरच्या डॉक्टरांनी फोनवर ‘क्रोसिन घ्या’ म्हणायचीही धास्ती घेतली. मग २५ मार्च २०२० ला, देशाला कुलूप लागलं त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि काल जे संशयास्पद होतं ते आज शास्त्रशुद्ध झालं. औषधांच्या याद्या झाल्या. पॅरासिटामॉल, ओआरएस असली नेहमीची औषधं कशाही संपर्कावर चालतील. त्यापलीकडची औषधं पहिल्याच भेटीत द्यायची तर व्हिडिओ पाहिजे. हेतू चांगला आहे. पण मूत्रसंसर्गात व्हिडिओवर बघायचं काय? दिसतो तो डोक्यावरून ओढलेला पदर आणि मागची भिंत. नेटवर्क अडखळलं की पदरही जागच्या जागी गोठतो.

एवढ्या सगळ्याला वळसा घालून एक माणूस गावात उभा आहे. मेडिकलवाला. इंग्लंडने ३१ जानेवारी २०२४ पासून मोठा गाजावाजा करून एक योजना आणली: १६ ते ६४ वयाच्या बायकांना साधा मूत्रसंसर्ग असेल तर डॉक्टरकडे न जाता फार्मासिस्टनेच ठरलेले प्रश्न विचारून तीन दिवसांचं नायट्रोफ्युरँटॉइन द्यायचं. आमच्याकडे ही योजना आजोबांच्या काळापासून सुरू आहे, फक्त आम्ही प्रश्न गाळले आणि गोळ्या ठेवल्या. बाई दुकानाच्या कडेला उभी राहते, बाकी गिऱ्हाइकं हटेपर्यंत साबणाच्या वड्या न्याहाळते, मग म्हणते, ‘भाऊ, ते जळजळीचं द्या ना.’ भाऊ काही विचारत नाही. न विचारणं हीच त्याची खरी सेवा, आणि म्हणूनच त्याचा धंदा ई-संजीवनीला हार जात नाही. तो पत्त्यातून कात्रीने चार गोळ्या कापतो. कधी नॉरफ्लॉक्सासिन, कधी सेफिक्झिम, जे जवळ असेल ते. सेफिक्झिम २०१४ च्या मार्चपासून ‘एच-१’ यादीत आहे. डॉक्टरची चिठ्ठी हवी, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती तीन वर्षं जपायला हवी. वही असते. तिच्यात उधारी लिहिलेली असते.

सोबत तो लघवीची आग शमवणाऱ्या गुलाबी सिरपची बाटली देतो. त्याने जळजळ उतरते, जंतू मरत नाही. आणि समजा बाईला डॉक्टरने नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिलं असेल आणि तिने वरून हे सिरपही चालू ठेवलं, तर आणखी मजा. ते औषध आम्लधर्मी लघवीत नीट काम करतं, आणि सिरपचं कामच आम्लता घालवणं. दोघं एकमेकांचे पाय ओढत पाच दिवस काढतात. अर्थात पाच दिवस कोण घेतो? दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. त्यात लघवीचा रंग गडद पिवळा-तपकिरी होतो, जो त्या गोळीचा नेहमीचाच गुण आहे, पण सांगितलेलं कोणी नसतं, म्हणून बाई घाबरून गोळ्या बंद करते. उरलेल्या गोळ्या डब्यात जातात आणि पुढच्या महिन्यात जावेच्या कामी येतात. जंतूंनाही सराव लागतो, तो आपण असा घरोघर पुरवतो.

स्क्रीनवरचे डॉक्टर यापेक्षा फार शहाणे असतात, असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला होता. मूत्रसंसर्गाच्या तक्रारीवर इंटरनेटवरून सल्ला घेतलेल्यांपैकी ९९ टक्क्यांना प्रतिजैविक मिळालं, दवाखान्यात जाऊन दाखवलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना. लघवीच्या तपासण्या उलट: दवाखान्यात ५१ टक्के, इंटरनेटवर ८. म्हणजे समोरच्या डॉक्टरला जिथे शंका येते तिथे दूरच्या डॉक्टरला खात्री असते. पुन्हा येऊन दाखवावं लागलेल्यांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, हेही लिहायला हवं, नाहीतर गोंदियातले डॉक्टर हे कात्रण फ्रेम करून लावतील.

इथे उपकेंद्राला खरी कमाल करता येते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मॅडमच्या खणात लघवीत बुडवायच्या पट्ट्या असतात, गरोदर बायांची साखर आणि प्रथिनं बघायला. जंतूंची खूण सांगणारी पट्टीही तशीच, स्वस्त, दोन मिनिटांची. दूरचा डॉक्टर आणि जवळची पट्टी, ही जोडी पिट्सबर्गलाही जमली नाही. पण पट्टी बुडवायला नमुना लागतो, नमुन्याला संडास लागतो, आणि सरकारी इमारतीतल्या संडासाला बहुधा कुलूप असतं, कारण उघडा ठेवला तर लोक वापरतात. किल्ली परिचराकडे. परिचर लसीकरणाला.

शहरातल्या मैत्रिणींचं दुखणं वेगळ्या कागदात गुंडाळून येतं. पुण्या-मुंबईत ॲप उघडायचं, ‘विमेन्स हेल्थ’वर बोट ठेवायचं, आणि डॉक्टर दिसायच्या आधी क्रॅनबेरीची पाकिटं, डी-मॅनोजची पूड आणि फुलांच्या वासाचा ‘इंटिमेट वॉश’ दिसतो. क्रॅनबेरीने काही बायकांत संसर्ग परतायचं प्रमाण कमी होतं, पण चालू संसर्ग त्याने जात नाही. आणि डी-मॅनोजची पूड वारंवार होणारा संसर्ग रोखत नाही, हे ब्रिटनमधल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत निघालं. पूड तरीही खपते. गोंदियाच्या जंगलात मोह आहे, चारोळी आहे, तेंदूची पानं आहेत, क्रॅनबेरी नाही. नागऱ्याची बाई या एका लुटीतून वाचली, तेवढं तिचं नशीब.

पण ॲपवरचा असो, सरकारी असो की गोंदियातला, प्रत्येक डॉक्टर शेवटी एक वाक्य म्हणतोच. ‘भरपूर पाणी प्या.’ वाक्य बरोबर आहे, शंभर टक्के. पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायकांवर बल्गेरियात प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. रोज दीड लिटर जास्तीचं पाणी प्यायलेल्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. गोळी नाही, सुई नाही, निव्वळ पाणी. आता हे पाणी नागऱ्याच्या बांधीत घेऊन चला.

जुलै-ऑगस्टातली रोवणी. बाया सकाळी घरून निघतात त्या दिवे लागायला परततात. गुडघाभर चिखल, कमरेत वाक, एका हातात पऱ्ह्यांची जुडी. तुरीच्या शेतात, उसाच्या फडात बाईला आडोसा तरी मिळतो. धानाच्या बांधीत रोपं वीतभर, सगळीकडे सपाट पाणी, आणि नजर पोचेल तिथवर दुसऱ्या बांध्यांत माणसं. धुऱ्यावर एखादं झाड असलं तर त्याखाली मालक बसलेला. बाईने काय करायचं? ती सकाळी चहा अर्धा कप पिते आणि पाण्याच्या कॅनकडे बघत नाही. दुपारची भाकर कोरडी गिळते. लघवी सकाळपासून सांजेपर्यंत धरून ठेवते, वर्षानुवर्षं, आणि तिला हे सोसणं वाटतच नाही, ते तिच्या लेखी कामाचाच भाग असतं. घरोघरी विड्या वळणाऱ्या बाया निदान छताखाली असतात. पण त्याही उठत नाहीत, कारण दिवसभरात किती शेकडा विड्या झाल्या यावर पैसे.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. घराघरात संडास आले, चांगली गोष्ट झाली. घर आणि बांधी यांच्यामध्ये जो दिवस असतो, तो कोणत्याही अभियानात बसला नाही. शेतात राबणारी बाई दिवसाचे आठ-नऊ तास ज्या ठिकाणी असते, तिथे तिला लघवी होते हे गृहीत धरणारी एकही योजना मला तरी सापडलेली नाही. डॉक्टरांचा पाण्याचा सल्ला ऐकून सून ‘हो जी’ म्हणते. ती मनात हिशेब करते: एक लिटर जास्त प्यायचं म्हणजे तीनदा जास्त जायचं, म्हणजे तीनदा रोवणीची ओळ सोडायची, म्हणजे तीनदा ‘आता कुठं चालली?’ ऐकायचं. स्क्रीनवरून हिशेब दिसत नाही.

आणि हाच संसर्ग घरातल्या पुरुषाला झाला तर? शास्त्र सांगतं, पुरुषाचा मूत्रसंसर्ग साधा समजायचा नाही. फोनवर भागवू नका, प्रत्यक्ष तपासा, प्रोस्टेट बघा, खडा बघा. इतकं घराच्या मनासारखं शास्त्र दुसरं नसेल. बाप्याने सकाळी ‘आग झाली’ म्हटलं की नऊ वाजता मोटरसायकल निघते, मागे भाचा बसतो, गोंदियात सोनोग्राफी होते, लघवीचं कल्चर पाठवलं जातं आणि परत येताना हॉटेलात समोसा होतो. संध्याकाळी रिपोर्टची पांढरी पिशवी ओसरीवर, चार माणसं भोवती, आणि हे महाशय सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगत असतात की डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन आहे, आराम करा. सून चहा घेऊन येते. पाचवा कप देऊन ती पुन्हा आत वळते तेव्हा मागून आवाज येतो, ‘पाणी आण वो गिलासभर, डॉक्टरनं सांगतलं, पाणी लय प्याचं!’